प्रकरण अकरावे : वजनमाप खात्याचे एकोणीस दिवस

त्या वर्षी बाबा पहिले चार दिवस होऊ घातलेले मंत्री होते, पुढचे एकोणीस दिवस मंत्री होते आणि उरलेले तीनशे बेचाळीस दिवस माजी मंत्री होते. घरच्यांच्या मते ह्या तिन्ही काळांत त्यांच्यात काडीचा फरक पडला नव्हता. फक्त कोट बदलला होता, आणि तो अजून उतरला नव्हता.

आज सकाळी साडेदहाला ते तोच शपथविधीचा करडा कोट घालून छापखान्यात उतरले, तेव्हा चिमटीने मान वर न करता ओळखलं. एक तर त्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास यायचा, आणि दुसरं म्हणजे बाबा शेवटच्या पायरीवर थांबायचे. कुणीतरी उठून उभं राहील म्हणून. कुणी उठलं नाही. काका मशीनच्या पोटात अर्धा आत होता, तो उठला असता तर डोकं आपटलं असतं.

खाली छापखाना, वर घर, मधे सतरा पायऱ्या. सालवहीच्या शेवटच्या फॉर्मच्या, म्हणजे एकदम छापायच्या सोळा पानांच्या, दिवशी सगळं घर त्या पायऱ्या उतरून खाली येत असे. सालवही म्हणजे देशात वर्षभरात काय घडलं आणि कोण कुठल्या पदावर होतं ह्याची अठ्ठावन्न वर्षं निघणारी जाडजूड वही. कोर्टात, वाचनालयांत, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत ती सुतळीने टेबलाला बांधून ठेवलेली असायची. घटना, अपघात, विक्रम, दिवंगत हे भाग आधी छापून व्हायचे. पदाधिकाऱ्यांची सोळा पानं मात्र शेवटी, कारण पदाधिकाऱ्यांचा भरवसा नव्हता. त्या सोळा पानांचा फॉर्म आज दुपारी चारला मशीनवर चढायचा होता.

आणि यंदा पहिल्यांदाच ती पानं चिमटीच्या हातात होती. आजोबांनी, म्हणजे नानांनी, सहा महिन्यांपूर्वी जाहीर केलं होतं की त्यांचे डोळे आता मंत्र्यांवर खर्च करण्यासारखे राहिलेले नाहीत. ही सोळा पानं नातीने बिनचूक काढली, तर मुखपृष्ठाच्या आत ‘संपादक’ म्हणून तिचं नाव लागणार होतं. एका ओळीत जरी लबाडी निघाली, तर आत्याचं. आत्या पस्तीस वर्षं मुद्रितं वाचत होती आणि पस्तीस वर्षं त्या नावाच्या जागेकडे बघत होती.

साल तसं घाण होतं. तीन सरकारं झाली. एका पुलाचं दोनदा उद्घाटन झालं आणि तो एकदा पडला. ह्या क्रमाने नव्हे. आरोग्यमंत्री आजारपणामुळे पाच आठवडे रजेवर गेले, म्हणून त्यांचं खातं क्रीडामंत्र्यांकडे दिलं, तर ते पदयात्रेत पहिल्याच चौकात दमून बसले. चिमटी हे सगळं शिसपेन्सिलीने लिहायची. शाईने लिहावं असं देशात वर्षभरात काही घडलं नव्हतं.

“पाटबंधारे, अपूर्णविराम,” आत्या वाचत होती. ती विरामचिन्हंही मोठ्याने वाचायची. घरातल्या भांडणातसुद्धा तिला ते आवरायचं नाही. चिमटी मूळ कागदावर बोट ठेवून ऐकत होती.

“वजनमापं आली का?” बाबांनी विचारलं.

“येतील की, दादा. व पासून सुरू होतं ते,” आत्या म्हणाली.

“मी आहे ना त्यात?”

मशीनच्या पोटातून काका म्हणाला, “तीस दिवसांखालचा माणूस पानावर नाही. अठ्ठावन्न वर्षांची अट आहे. औट घटकेचं राज्य करून यायचं आणि वर वहीत जागा मागायची!”

“मी ह्याच्याशी बोलत नाहीये,” बाबा म्हणाले. “मी संपादकांशी बोलतोय.”

चिमटीने बोट न हलवता म्हटलं, “बाबा, तुमचे एकोणीस भरतात.”

“इथंच चुकतेस तू.” बाबांनी खुर्ची ओढली, पुसली, आणि सभेत बसतात तसे पुढून दिसेल असे बसले. “मी राजीनामा दिलेला नाही.”

काका मशीनमधून बाहेर आला. हे त्याला चेहऱ्यासकट ऐकायचं होतं.

तर एकोणिसाव्या दिवशी काय झालं होतं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. सचिवालयाची लिफ्ट सहा माणसांची. आत अकरा होती. वजनमापाचे मंत्री स्वतः आत, त्यामुळे मंत्र्यांच्या आधी बाहेर पडणं कुणाला प्रशस्त वाटेना, आणि मंत्र्यांना बाहेर पडणं मुळातच प्रशस्त वाटत नव्हतं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली ती सहा तास. तेवढ्यात सरकार पडलं. सगळ्यांनी राजीनामे दिले. बाबांना शिडीवरून खाली उतरवलं, तोवर त्यांच्या दारावर दुसऱ्याची पाटी ठोकून झाली होती, आणि सुताराने त्यांच्याचकडे दोन खिळे मागितले होते.

“सगळ्यांचे राजीनामे गेले. माझा गेला नाही,” बाबा म्हणाले. “कायद्याने बघितलं तर मी अजून मंत्री आहे. आज तीनशे एकसष्टावा दिवस. तुझे तीस कुठल्या कुठं राहिले.”

“पण दादा,” काका अगदी मृदू आवाजात म्हणाला, “मधे पाच महिने त्या खात्याला कुणीच मंत्री नव्हता. खातं ओस पडलं होतं. तेव्हा तू कुठं होतास?”

“घरी.”

“मंत्री असून?”

“मला चावी दिली नव्हती.”

आई जिन्यात येऊन उभी होती. तिने हातातला चहाचा ट्रे कठड्यावर ठेवला. “पाच महिने सोफ्यावर पडून होते. मी उशी मागितली की म्हणायचे, सरकारी कामात आहे.”

“तू ह्यात पडू नकोस.”

“मी कशी पडेन? त्या सोफ्यावर जागा कुठं होती?”

खिडकीजवळच्या खुर्चीतून आजोबा खोकले. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते दोनच गोष्टींसाठी खोकत: दमा आणि निर्णय. “चिमटे, पूर्वीचा दाखला बघ. राजीनामा न देता गेलेला कुणी आधी आला असेल, तर तो कसा छापलाय ते बघ. पहिल्या वहीपासून काढ. दाखला निघाला तर ठीक. नाही निघाला, तर तुझा बाप पानावर नाही.”

“आणि मी स्वतः सांगतोय त्याला काही किंमत नाही?” बाबा म्हणाले.

“तुझ्या सांगण्याला आहे ना. एकोणीस दिवसांची.”

बाबा उठले आणि चिमटीच्या मागे मागे कपाटांच्या खोलीत गेले. तिथं सालवहीचे सत्तावन्न खंड उभे होते. ती पहिल्या खंडाला हात घालणार, तोच त्यांनी दार लोटलं.

“हे बघ. मी बाप म्हणून सांगत नाहीये. मंत्री म्हणून सांगतोय.”

“मग अर्ज करा.”

“तुला थट्टा वाटते. तू सात वर्षांची होतीस, मी छापखाना सोडला तेव्हा. नाना माझ्या तोंडावर म्हणाले, ‘ह्या वहीत नाव यायला आधी माणूस काहीतरी व्हावा लागतो.’ वीस वर्षं, चिमटे. वीस वर्षं मी सभांना सतरंज्या घातल्या, पडलेल्या उमेदवारांचे हार वाहिले, एका अध्यक्षाच्या कुत्र्याला दोन वेळा फिरवलं. शेवटी मिळालं काय, तर वजनमाप. तेही मिळालं, कारण आधीच्या मंत्र्याने चौथ्या दिवशी पक्ष बदलला. पण मिळालं ना? झालो ना मी काहीतरी?”

कोटाच्या एका बाहीचा दोरा सुटला होता. चिमटीला तो तोडावासा वाटला. तिने तोडला नाही, कारण तोडला असता तर त्यांनी ती आपुलकी समजून लगेच एक ओळ मागितली असती.

“खोटं नाही छापणार मी,” ती म्हणाली.

“खोटं कोण म्हणतंय? जरा उदार मनाने मोजायचं.”

“बाबा, तुम्ही वजनमाप खात्याचे मंत्री होतात.”

ते बाहेर गेले. मग दाराच्या फटीतून तिला छापखान्यातलं राजकारण ऐकू येऊ लागलं. देशातल्यापेक्षा ते वेगाने चालत होतं.

“तुझा पक्ष परत येणार म्हणतात?” काकाचा आवाज. तो अचानक चिंतेत पडल्यासारखा वाटत होता.

“येणारच. अंतर्गत बातमी आहे.”

“मग शाळांच्या पुस्तकांची छपाई कुणाकडे जाते रे?”

“ज्याच्याकडे मंत्री देईल त्याच्याकडे.”

थोडा वेळ फक्त पाना खाली ठेवल्याचा आवाज. मग काका म्हणाला, “मला विचाराल तर राजीनाम्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. माणूस लिफ्टमध्ये होता. लेखी काही नाही. शंकेचा फायदा द्यायला हवा.”

“अरे, मघाशी तूच म्हणत होतास औट घटकेचं राज्य, उद्गारचिन्ह!” आत्या म्हणाली.

“मघाशी मी मशीनमध्ये होतो, ताई. आत ऐकू येत नाही नीट.”

“मी सकाळपासून दादाची बाजू घेत होते. पण तू घेतोयस म्हटल्यावर मी नाही घेणार. तू कुणाची बाजू घेतोस म्हणजे त्यात काहीतरी कुजकं असतं.” आत्याचा आवाज चढला. “आणि बरं झालं आठवलं. शपथविधीला मला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं, खांबामागे. मला दादाचा फक्त उजवा हात दिसला. मी उजव्या हाताचं अभिनंदन केलं आणि घरी आले.”

“ताई, जागा प्रोटोकॉलने ठरतात,” बाबा म्हणाले.

“पुढच्या रांगेत तुझा न्हावी होता.”

“तो मतदारसंघातला आहे.”

चिमटीने दार पक्कं लावून घेतलं आणि पहिला खंड मांडीवर घेतला. प्रस्तावनेत आजोबांची ती प्रसिद्ध अट होतीच, ठळक अक्षरात: तीस दिवसांहून कमी काळ पद भूषवलेल्या व्यक्तीचा समावेश ह्या वहीत करण्यात आलेला नाही, येणार नाही. हे वाक्य दर वर्षी जसंच्या तसं छापलं जायचं. घरात ते पाढ्यासारखं पाठ होतं. पुढची पानं मात्र अठ्ठावन्न वर्षांत कुणी उघडली नसावीत. ती एकमेकांना चिकटली होती. तिने नखाने सोडवली. राजीनामा न दिलेला कुणी सापडतो का, म्हणून ती प्रत्येक नावापुढच्या तारखा बघत गेली.

सदतिसाव्या पानावर तिचं बोट थांबलं. व्यापार आणि परवाने खातं. एक नाव. रुजू झाल्याची तारीख, पायउतार झाल्याची तारीख. तिने बोटांवर मोजलं. मग कॅलेंडर काढून मोजलं. मग पुन्हा बोटांवर, कारण कॅलेंडरवरचा तिचा विश्वास उडाला होता.

बारा दिवस.

ती खंड घेऊन बाहेर आली आणि तो आजोबांच्या मांडीवर उघडा ठेवला. आजोबांनी भिंग काढलं, ओळ पाहिली, भिंग पुसलं, पुन्हा पाहिली. ओळ तिथंच होती.

“काय आहे?” बाबांनी विचारलं.

“बारा दिवसांचा मंत्री,” चिमटी म्हणाली. “पहिल्याच वहीत. अटीच्या पुढे छत्तीस पानांवर.”

काका, आत्या, आई सगळे खुर्चीभोवती गोळा झाले. बाबा सगळ्यांच्या पुढे.

“नाना?” आत्या म्हणाली.

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. “त्याने कागदाचा परवाना दिला,” ते म्हणाले. “तेव्हा परवान्याशिवाय कागद मिळत नसे. चौदा महिने मी त्या खात्यात खेटे घातले. चार मंत्री झाले. एकाने बस म्हटलं, एकाने उद्या म्हटलं, दोघांनी काहीच म्हटलं नाही. हा बारा दिवस होता, आणि अकराव्या दिवशी त्याने सही केली. ती सही नसती तर ही वहीच नसती. एवढं काम केलेला दुसरा मंत्री मी आजतागायत पाहिलेला नाही.”

“म्हणजे तुम्ही उपकाराची परतफेड छापलीत,” चिमटी म्हणाली.

“एक ओळ.”

“आणि बाकीच्यांना अठ्ठावन्न वर्षं अट दाखवलीत.”

“अट चांगली होती,” आजोबा म्हणाले. “तिने कितीतरी गाळ बाहेर ठेवला.”

बाबांचा चेहरा उजळला होता. कोटाची वरची गुंडी त्यांनी लावली. “झालं तर मग. दाखला निघाला! बारा दिवसांचा चालतो, तर मी त्याच्याहून सात दिवस मोठा आहे. घाल नाव.”

“घालते,” चिमटी म्हणाली.

“शाब्बास!”

“तुमचं घालते आणि सगळ्यांचं घालते. यंदा अटीमुळे बावीस जण बाहेर होते. बावीसही आत येतील. आणि प्रत्येकापुढे दिवस. एक दिवसाचा असला तरी, तीनशेचा असला तरी. अट प्रस्तावनेतून काढायची.”

“सोळा पानांत बसणार नाहीत,” काका म्हणाला.

“टाइप दोन पॉइंटने लहान कर.”

आजोबांनी खंड मिटला. “ही वही अठ्ठावन्न वर्षं एका अटीवर चालली. तू ती एका दुपारी काढणार?”

“अट असती तर ठेवली असती, आजोबा. ही तुमची आवडनिवड आहे.”

आजोबांची मान आत्याकडे वळली. “तू काय म्हणतेस? जुन्या अटीने ही सोळा पानं काढायची तयारी आहे? असेल, तर नाव तुझं लागेल. आत्ता. ह्या वर्षी.”

सहा महिने चिमटी ह्या कागदांवर झोपली होती. कुठला मंत्री कुठल्या तारखेला पडला हे तिला घरच्यांच्या वाढदिवसांपेक्षा नीट आठवायचं. आणि आत्याने नुसती मान हलवली की संपलं.

आत्याने चष्मा काढला. पदराने पुसला, नाकावर ठेवला. पुन्हा काढला.

“पस्तीस वर्षं ती अट मीच मोठ्याने वाचतेय, नाना. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं. मला वाटायचं, ह्या घरात निदान एवढं तरी एक वाक्य खरं आहे.” ती उठली आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, चिमटीच्या खुर्चीवर जाऊन बसली. “माझं नाव लावायचं म्हणजे तेच वाक्य परत वाचायचं. नको. चिमटे, वाच तू. बोट मी ठेवते.”

दीड वाजला होता. चिमटी वाचायला लागली. तिचा आवाज सुरुवातीला बसलेला होता, पण मंत्र्यांची नावं वाचता वाचता तो सुटला. काही नावं अशी होती की ती वाचायला घसा नव्हे, निर्ढावलेपणा लागतो. काका दर दहा ओळींनी म्हणायचा, “अरे, हासुद्धा होता?” आई चहा गाळायची सोडून ऐकत बसली. एक मंत्री अर्ध्या दिवसाचा निघाला. सकाळी शपथ, दुपारी अटक. त्याला अर्धा दिवस लिहावं की एक, ह्यावर दहा मिनिटं गेली. शेवटी एक लिहिला, कारण सरकारने त्याला पगार पूर्ण दिवसाचा दिला होता.

तीन वाजता वजनमापं आली.

“वजनमापे, अपूर्णविराम,” चिमटीने वाचलं. ह्या खात्याची पहिली नोंद पक्षबदलूंची होती: चार दिवस. मग तिने वडिलांचं नाव वाचलं, पूर्ण, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. बाबा उभे राहिले. छापखान्यात दुसरं कुणीच उभं नव्हतं, पण त्यांना ते दिसलं नाही.

“एकोणीस दिवस,” चिमटी म्हणाली. “पूर्णविराम. पुढचे, चौऱ्याऐंशी दिवस, पूर्णविराम. त्यानंतर पद रिक्त, एकशे सत्तेचाळीस दिवस, पूर्णविराम. सध्याचे, एकशे अकरा दिवस, पूर्णविराम.”

“म्हणजे सर्वांत जास्त काळ खातं सांभाळलं ते रिकाम्या खुर्चीने,” आई म्हणाली.

“आणि त्या काळात तक्रार एकही नाही,” आत्या म्हणाली. “मी घटनांच्या पानांत बघितलंय.”

बाबा अजून उभेच होते. “दिवस छापायची काय गरज आहे?”

“त्यावाचून खरं होत नाही ते.”

“नुसतं नाव ठेव ना. नावाने काय बिघडतं? पन्नास वर्षांनी कुणी उघडेल वही, त्याला दिसेल एकोणीस. वर चार, खाली चौऱ्याऐंशी, मधे मी एकोणीस. शिवाय त्या रिकाम्या खुर्चीहून मी कमी!” त्यांचा आवाज सभेतला उरला नव्हता, साधा, घरातला झाला होता. “चिमटे, त्यापेक्षा काढच नाव. राहू दे. अट ठेव नानांची.”

“आता नाही काढता येणार, बाबा.”

“मी सांगतोय ना, काढ म्हणून!”

“तुम्ही पदावर होतात,” ती म्हणाली. “एकोणीस दिवस का होईना, होतात. मी आता ते काढलं तर ती लबाडी होईल.”

बाबांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा कागद पुढे ओढून त्यावर शिसपेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी तो नातीकडे सरकवला. संपादक म्हणून तिचं नाव होतं, आणि तिच्याच नव्या नियमाप्रमाणे नावापुढे: एक दिवस.

“उद्या दोन होतील,” आजोबा म्हणाले. “टिकलीस तर.”

काकाने चारला सहा मिनिटं असताना मशीन चालू केलं. पहिले वीस कागद फिकट आले, ते त्याने फेकून दिले. एकविसावा बाबांनी उचलला. कोपऱ्यात, कागदांच्या रिमांजवळ, ते तो उजेडात धरून बराच वेळ वाचत उभे होते. आई दोनदा त्यांच्याकडे गेली आणि दोनदा चहा ठेवून परत आली. चिमटीने मनाशी ठरवलं होतं की ते आता वर जातील, सोफ्यावर पडतील आणि आठवडाभर कुणाशी बोलणार नाहीत. तिला वाईट वाटायला सुरुवातही झाली होती.

पण बाबांनी कागदावरून बोट फिरवलं, स्वतःच्या ओळीवर नाही, तिच्या वरच्या ओळीवर. मग खिशातून फोन काढला, नंबर शोधला, आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायला लागले.

“हॅलो? साहेब, अभिनंदन! सालवहीत आलात तुम्ही... हो हो, यंदा सगळ्यांनाच घेतलंय, संपादक आमच्या घरातल्याच आहेत... वजनमापे, बरोबर, माझ्या वरती... नाही, दिवसांसकट... चार. चार दिवस. आता छापून झालं हो, काय करणार, माझ्या हातात काही नाही...”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांनी कोट खाली ओढून नीट केला.

“माझे?” ते म्हणाले. “एकोणीस.”